बाबूच्या हातातला मोबाईल आणि शाळेतला दहा मिनिटांचा व्हिडिओ



भातावरचा करपा, आंब्यावरचे तुडतुडे, नाचणीचे सुधारित बियाणे अशा गोष्टी आपण या सदरात नेहमी बोलतो. आज थोडे वेगळे बोलायचे आहे. पण हा विषय मला शेताच्या बांधावरच भेटला, म्हणून तो या पानावर मांडायला मला संकोच वाटत नाही.

२०२१ च्या १५ ऑगस्टपासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद आपणच आपल्या शेतात उभे राहून मोबाईलवर करायची, अशी ती योजना. ती समजावून देत मी लोटे, घाणेखुंट, आवाशी या बाजूच्या वाड्यांवर पुष्कळ हिंडलो. बहुतेक ठिकाणी चित्र एकच. जमीन कसणारे आजोबा साठीच्या पुढचे, मुलगा मुंबईला नाहीतर इथल्याच कारखान्यात पाळीवर, सून कापणीच्या गडबडीत. मग बांधावर मोबाईल कोण धरणार? तिसरी-चौथीतला नातू. "साहेब, मला त्यातलं काय कळत नाय, हा बाबू करील," असे आजोबा सांगतात आणि बाबू खरोखरच करतो. गट क्रमांक निवडतो, भाताचा फोटो काढतो, आलेला ओटीपी मोठ्याने वाचतो. पीएम किसानचा हप्ता जमा झाल्याचा संदेशही तोच वाचून दाखवतो. म्हणजे घरचा कारकून झाला आहे नऊ वर्षांचा पोर, आणि आपण त्याचे कौतुक करतो.

कौतुक करायला हरकत नाही. पण त्या मोबाईलमध्ये काय काय आहे याची एकदा मोजदाद करून पाहा. बँकेचे खाते त्यालाच जोडलेले. वर्षाला केंद्राचे ६,००० आणि राज्याच्या नमो योजनेचे ६,००० रुपये ज्या खात्यात येतात तेच हे खाते. मुलाने मुंबईहून पाठवलेले पैसे त्यातच. आधारचा फोटो, सातबाऱ्याचा फोटो, घरातल्या लेकीबाळींचे फोटोही त्यातच. पॉवर टिलरची चावी आपण नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती देत नाही, फवारणीचे औषध त्याचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवतो. मोबाईल मात्र जेवताना भरवायच्या वयापासून त्याच्या हाती दिलेला असतो.

हे एकाएकी झाले नाही. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले आणि दापोली-मंडणगडाकडे कितीतरी वाड्यांत दिवसचे दिवस वीज नव्हती. २० जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका लागू लागली. ती चांगली होती, आणि टीव्हीवर असल्यामुळे मोठ्यांच्या नजरेसमोर होती. पण गुरुजींचा रोजचा अभ्यास येऊ लागला तो व्हॉट्सॲपवर. त्यासाठी ज्यांनी कधी मोबाईल घेतला नव्हता त्यांनीही घेतला, कोणी कोंबड्या विकून, कोणी उसनवार करून. शाळा उघडल्या, पण मोबाईल मुलांच्या हातातून परत आला नाही. अभ्यासासाठी आलेली वस्तू खेळासाठी राहिली.

आता धोके कोणते ते सांगतो. वाईटसाईट चित्रे दिसतात हा एक, आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचे कारण मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. यूट्यूबला समोरचा माणूस दिसत नाही, खाते दिसते. आजोबांच्या खात्यावरून नातू कार्टून पाहत असला तरी यंत्राच्या हिशोबी तिथे पासष्ट वर्षांचे गृहस्थच बसलेले असतात. एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप लागतो, आणि पाचसहा व्हिडिओंनंतर पोर कुठे जाऊन पोचते ते त्याचे त्यालाही कळत नाही.

दुसरा धोका पैशाचा. खेळातले नवे हत्यार, नवे कपडे 'फुकट' मिळतील असे दाखवून बटण दाबायला लावतात आणि खात्यातून पैसे जातात. शिवाय आपल्या शेतकऱ्यांवर खास डोळा ठेवून केलेली एक लबाडी आहे. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' असे नाव दिलेली एक फाइल येते. नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतात. ती सरकारी नसते. दाबून बसवून घेतली की ते ॲप मोबाईलवर येणारे संदेश, म्हणजे बँकेचे ओटीपीसुद्धा, परस्पर दुसरीकडे पाठवू शकते. कधी हीच फाइल लग्नपत्रिकेच्या रूपाने येते. पत्रिका म्हटल्यावर कोण उघडणार नाही? आणि घरात उघडणारा कोण, तर आपला कारकून.

तिसरा धोका अनोळखी माणसाचा, आणि मला सर्वांत भीती वाटते ती याची. खेळात बोलायची सोय असते. पलीकडे कोण आहे ते दिसत नाही. 'मीपण चौथीत आहे' असे म्हणणारा चाळीस वर्षांचाही असू शकतो. तो आधी खेळात मदत करतो, मग नाव, शाळा, गाव विचारतो, मग फोटो मागतो, मग 'हे आपल्या दोघांतच ठेव' म्हणतो. चोर कुंपणाची एकच काठी आधी हलवून पाहतो, तसे हे काम चालते.

यावर उपाय म्हणून गावोगावी काय झाले तेही पाहू. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने २०२२ च्या नोव्हेंबरात ग्रामसभा घेऊन अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदी केली. तिकडे ऑस्ट्रेलियासारख्या देशाने २०२५ च्या १० डिसेंबरपासून सोळा वर्षांखालच्या मुलांना फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब वगैरेंवर खाते ठेवायला मनाई केली आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाची तऱ्हा निराळी. तिथे २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा आपसांत बोलायचे. साडेआठला पुन्हा भोंगा. मला ही युक्ती बंदीपेक्षा आवडते, कारण तिच्यात मोठ्यांनाही मोबाईल खाली ठेवावा लागतो. स्वतः शेणात हात न घालता दुसऱ्याला गोठा साफ करायला सांगितले तर तो ऐकत नाही, हे आपण घरात रोज पाहतो.

पण खरे सांगायचे तर निव्वळ बंदी आपल्या कोकणातल्या घरात टिकायची नाही. बाप मुंबईला, त्याचा चेहरा पोराला दिसतो तो मोबाईलवरच. शाळेची सूचना मोबाईलवर, पीक पाहणी मोबाईलवर, गॅसचा नंबर मोबाईलवर. बंदी घातली तरी शेजारच्या पोराच्या मोबाईलला आपण काय करणार? तेव्हा बंदी कोणाला जमली तर जमली, पण शिकवणे चुकत नाही. विहिरीला कठडा बांधावा हे खरे, तरी मुलाला पोहायला शिकवतोच ना आपण.

शिकवायचे कसे? इथे आम्हां विस्तारवाल्यांचा अनुभव थोडा उपयोगी पडेल. व्हिडिओ दाखवून शिकवणे ही नवी गोष्ट नव्हे. १९७५ च्या ऑगस्टपासून १९७६ च्या जुलैपर्यंत आपल्या देशात एक मोठा प्रयोग झाला. अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्हीचे कार्यक्रम पोचवले गेले. सकाळी शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी आणि इतर मोठ्यांसाठी. आपले राज्य त्या सहांत नव्हते. पण मुंबई दूरदर्शन १९७२ पासून चालू होते, आणि त्यावरच्या 'आमची माती, आमची माणसं' या कार्यक्रमाने किती शेतकऱ्यांना शिकवले ते तुम्ही जाणताच. त्या काळी एका टीव्हीपुढे सगळी वाडी बसे. कार्यक्रम संपला की अंगणात चर्चा होई, कोणी म्हणे हे आपल्या जमिनीत चालायचे नाही, कोणी म्हणे करून तर पाहू. शिकणे खरे तर त्या चर्चेत होत असे.

चारसूत्री भातलावणी आठवा. तिची फिल्म पाहून कोणी दोरी धरायला शिकला नाही. खुणा केलेली दोरी दोघांनी चिखलात उतरून धरली, चार चुडांच्या मधोमध ब्रिकेट खोचली, पाय रुतले, कंबर दुखली, तेव्हा ती पद्धत हातात बसली. फिल्मने एवढेच केले, की 'हे असे असते' हे आधी डोळ्यांपुढे आणले. मुलांच्या व्हिडिओचेही तसेच आहे.

लहान मुलांसाठी चांगला व्हिडिओ कसा असतो? चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशनने 'कोमल' नावाचा सुमारे दहा मिनिटांचा कार्टूनपट काढला. तो मोबाईलविषयी नाही. एका लहान मुलीशी ओळखीचाच एक मोठा माणूस गोड बोलून वाईट वागतो, आणि चांगला स्पर्श कोणता, वाईट कोणता, कोणाला सांगायचे, हे पुढे मुलांना समजावले जाते. २०१४ सालच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय पुरस्कारांत शैक्षणिक विभागात त्याचा गौरव झाला. त्यात भूत नाही, राक्षस नाही, आरडाओरडा नाही. मुलीचा काही दोष नाही हे स्पष्ट सांगितले आहे. ब्रिटनमध्ये तिथल्या राष्ट्रीय गुन्हे तपास यंत्रणेने तर चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी तीन छोटे कार्टूनपट केले: एक व्हिडिओ पाहण्याविषयी, एक फोटो पाठवण्याविषयी, एक मोबाईलवरच्या खेळांविषयी. तिन्हींत धागा एकच. काही बघून पोटात गोळा आला, भीती वाटली, तर भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगायचे.

भीती घालणारे व्हिडिओ मात्र नकोत, असे माझे स्पष्ट मत आहे. 'खेळ खेळलास तर मरशील' छापाचे पुष्कळ व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतात. २०१७ मध्ये ब्लू व्हेलच्या नावाने असाच धुरळा उडाला होता. त्याने पोरे सावध झाली नाहीत, घाबरी झाली. आणि घाबरलेले पोर लपवते.

मध्यंतरी लोट्याजवळच्या एका द्विशिक्षकी शाळेत बाईंनी पहिली ते चौथीच्या मुलांना असा एक व्हिडिओ दाखवला तेव्हा मी मागे बसलो होतो. बाईंची पद्धत मला फार पटली. दहा मिनिटांच्या व्हिडिओला त्यांनी पाऊण तास घेतला. गोष्टीतल्या मुलाला अनोळखी माणसाचा संदेश आला, की बाईंनी चित्र थांबवले. "आता हा काय करील?" पोरे आधी गप्प. मग एक म्हणाला, "उत्तर देईल." "का देईल?" "बाई, तो चांगलं बोलला ना!" बाईंनी त्याला खोटे पाडले नाही. "बरोबर, चांगलं बोलणाऱ्याला आपण उत्तर देतो. पण एसटी स्टँडवर कोणी चांगलं बोलला तर त्याला घरचा पत्ता देशील?" पोर हसले. तेवढ्यात दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, पण एसटीत तो दिसतो तरी." माझ्या मते त्या दिवशीचा सगळा धडा त्या एका वाक्यात आला. बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहिले.

लोट्याच्या शाळांत उत्तर प्रदेश-बिहारकडच्या कामगारांची मुलेही असतात. तेव्हा व्हिडिओ मराठीत दाखवला तरी मधले प्रश्न हिंदीतही विचारावे लागतात. बाई तसे करत होत्या.

मुलांना समजावताना आपल्याच रोजच्या व्यवहारातले दाखले घ्यावेत. दोन सांगतो. आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत काळ्या ठिपक्यांचे चौकोनी चित्र असते, क्यूआर कोड म्हणतात तो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी तो पुस्तकात आणला, २०२० मध्ये जागतिक पुरस्कारही मिळवला. मोबाईल धरला की धडा उघडतो. त्यामुळे पोराच्या मनात बसले आहे की हे चित्र म्हणजे चांगली गोष्ट. पण तेच चित्र वाण्याच्या दुकानात लावलेले असते, आणि तिथे मोबाईल धरला की पैसे जातात. कोणी लबाडाने 'पैसे पाठवतो, हे स्कॅन कर' म्हणून ते चित्र पाठवले तर पोराला कसे कळावे? तेव्हा त्याला दुकानात नेऊन दाखवा. पैसे देताना पिन टाकावा लागतो. येताना ना पिन लागतो, ना स्कॅन लागतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की ते पोर घरातल्या मोठ्यांनाही सावध करते.

दुसरा दाखला फोटोचा. मोबाईलला आपण कुठे उभे आहोत ते कळते, हे मुलांना नुसते सांगून पटत नाही. त्याला पीक पाहणीच्या वेळी शेतात न्या. घरी बसून ती नोंद होत नाही, गटातच उभे राहावे लागते, हे त्याला दिसेल. मग विचारा, जो मोबाईल आपला गट ओळखतो तो आपले घर ओळखणार नाही काय? आणि शाळेच्या गणवेशात, नावाच्या पाटीखाली उभे राहून काढलेला फोटो अनोळख्याला पाठवला, तर पत्ता आणखी सांगायचा राहिला कुठे?

ओटीपीची गोष्ट जरा अवघड आहे, आणि यात दोष मुलांचा नाही. व्हिडिओत सांगतात, ओटीपी कोणाला सांगू नये. पण पोर आजीबरोबर सेवा केंद्रात जाते, तिथला माणूस म्हणतो, "आजी, ओटीपी आला का, सांगा," आणि आजी नातवाकडून वाचून घेऊन सांगते. मग मुलाने कोणते खरे मानावे? त्याला असे सांगा: आपण स्वतः उठून एखाद्या कामाला गेलो, माणूस समोर आहे, कोणते काम चालले आहे ते आपल्याला ठाऊक आहे, तर गोष्ट वेगळी. फोन करून जो ओटीपी मागतो, मग तो स्वतःला बँकेचा म्हणो, कृषी खात्याचा म्हणो, त्याला सांगायचा नाही. आमच्या खात्याचा कोणीही माणूस तुम्हांला फोनवर ओटीपी विचारणार नाही. कोणी माझे नाव सांगून विचारले तरी फोन ठेवून द्या.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सगळे व्हिडिओ शेवटी एकच सांगतात: काही झाले तर मोठ्यांना सांग. पण सांगायला गेलेल्या पोराला घरात काय भेटते?

एका वाडीतली हकिगत आहे. ओळख पटू नये म्हणून वाडीचे नाव देत नाही. तिसरीतल्या एका मुलीला आजीच्या मोबाईलवर खेळताना कोणा अनोळख्याचा व्हिडिओ कॉल आला. तिने उचलला. जे दिसले ते मुलीने बघण्यासारखे नव्हते. तिने मोबाईल पालथा घातला आणि कोणाला काही बोलली नाही. चार दिवस ती नीट जेवेना, मोबाईल वाजला की उठून पडवीत जाई. आजीला वाटले नजर लागली, मीठ-मोहऱ्याही ओवाळून झाल्या. शेवटी शाळेत बाईंनी विचारल्यावर बोलली. तू आजीला का नाही सांगितलेस, म्हटल्यावर तिने दिलेले उत्तर बाईंनी मला सांगितले: "दादानं सांगितलं होतं तेव्हा बाबांनी त्याला मारलं आणि मोबाईल घेतला."

थोरल्या भावाची काही चूक असेलही. पण त्या एका माराने धाकटीचे तोंड बंद झाले. वाचकहो, मूल सांगायला आले आणि आपण पहिला हात उगारला, किंवा पहिली शिक्षा मोबाईल काढून घेण्याची केली, तर पुढच्या वेळी ते येणार नाही, आणि त्याचे पाहून धाकटेही येणार नाही. पलीकडच्या लबाड माणसाला नेमके हेच हवे असते. 'घरी सांगितलंस तर मार खाशील' असे तो पोराला सांगतच असतो. आपण त्याचे बोलणे खरे करून दाखवू नये. मूल सांगू लागले की हातातले काम ठेवा, मधे बोलू नका, आणि ऐकून झाल्यावर 'सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही' एवढे म्हणा. रागवायचे असेल तर त्या माणसावर रागवा. मोबाईल किती वेळ द्यायचा हे दुसऱ्या दिवशी शांतपणे ठरवता येते.

म्हणून माझे शाळांना आणि पालकांना सांगणे आहे, की हा व्हिडिओ एकट्या मुलांना दाखवू नका. आईबाप येऊ शकत नसतील तर आजी-आजोबांना बोलवा. कोकणात दिवसभर मूल ज्यांच्याजवळ असते ते आजी-आजोबाच. 'आम्हांला काय कळतं त्यातलं' असे ते म्हणतील. मोबाईल कळण्याची त्यांना गरज नाही. पोराचा चेहरा त्यांच्याइतका कोणाला कळतो? जेवण कमी झाले, मोबाईल वाजला की दचकू लागले, पांघरुणात घेऊन बघू लागले, घरात कोणी आले की चटकन बंद करू लागले, हे आजीला मास्तरांच्या आधी दिसते.

आणि खरोखरच काही घडले तर? पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. उद्या बँकेत जाऊन बघू म्हणू नये, कारण चोराने पुढे काढून घेण्याआधी तक्रार गेली तरच पैसे मधल्या मधे रोखता येतात. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार होते. मुलाला कोणी त्रास देत असेल तर १०९८ हा मुलांचा क्रमांक आहे. पोर स्वतःही करू शकते, पैसे पडत नाहीत. तातडीच्या पोलीस मदतीला ११२. आलेले संदेश रागाच्या भरात पुसून टाकू नका, पोलिसांना तोच पुरावा असतो. पण मुलांचे घाणेरडे चित्र आले तर 'बघा काय काय येतंय' म्हणून गटावर पाठवू नका. ते पुढे पाठवणे हाच कायद्याने मोठा गुन्हा आहे.

घरातला मोबाईलही थोडा बांधून घ्यावा. पैशाच्या ॲपला वेगळे कुलूप लावावे आणि पिन मुलाला सांगू नये, मूल कितीही हुशार असले तरी. प्ले स्टोअरमध्ये खरेदीपूर्वी पासवर्ड विचारला जाईल अशी सोय आहे, ती चालू करावी. प्ले स्टोअरबाहेरचे ॲप बसवायची परवानगी बंद ठेवावी, म्हणजे ती 'एपीके'ची पत्रिका दाराबाहेरच राहते. लहान मुलांसाठी यूट्यूब किड्स म्हणून वेगळे ॲप आहे, ते द्यावे. निदान पुढचा व्हिडिओ आपोआप लागणे तरी बंद करावे. आणि मोबाईल ओटीवर किंवा पडवीत बघायचा, आतल्या खोलीत नाही. यातले जे जमत नसेल ते चाकरमानी मुलगा शिमग्याला घरी येईल तेव्हा त्याच्याकडून करून घ्या. अर्ध्या तासाचे काम आहे.

शाळेत दाखवायला टीव्ही नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीने मागणी करावी. मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कायद्याने नफ्यातला दोन टक्के भाग समाजकार्याला खर्चावा लागतो, आणि लोट्याला कारखान्यांची वाण नाही. त्यांचा वास आणि सांडपाणी आपल्या वाट्याला येते, तर एक टीव्ही यायला काय हरकत आहे?

त्याहून चांगले म्हणजे शाळेने आपला व्हिडिओ आपणच करावा. शेजारच्या शेतातले पीक पाहून शेतकऱ्याला जितके पटते तितके दूरच्या प्रक्षेत्रावरचे पाहून पटत नाही. आपल्या बोलीत, आपल्या पडवीत घडलेली गोष्ट मुलांना लगेच भिडते. फक्त त्यात मुलांचे चेहरे नकोत, नाहीतर सावध राहा म्हणणारा व्हिडिओच गावभर पोरांचे फोटो वाटत सुटेल. बाहुल्या घ्याव्यात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे, आणि त्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला. तितके कसब आपल्याला नसले तरी जुन्या मोज्यांच्या बाहुल्या चौथीतली मुले एका दुपारी करतात. आवाज मुलांचे, लबाड माणसाचा आवाज गुरुजींचा. वर सांगितलेल्या शाळेत बाईंनी हे करायला घेतले आहे. तयार झाला की शिमग्याच्या सुट्टीत पालकांना बोलावून दाखवणार आहेत. जवळपासच्या वाड्यांतल्या कोणाला पाहायचे असेल तर आपल्या शाळेच्या गुरुजींमार्फत विचारावे.

पुढच्या खेपेस काजूवरच्या ढेकण्यांविषयी लिहीन. नव्या पालवीवर आणि मोहोरावर काळे डाग दिसू लागले असतील तर तोवर थांबू नका, आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला बाग दाखवा.